बुधवारचं आमेन

उत्तमराव मास्तरांची प्रार्थना संपली आणि सगळ्यांनी ‘आमेन’ म्हटलं. आमचे हे सोडून.

मी चुलीपाशी होते. दर बुधवारी असंच असायचं. आधी सगळ्यांचं आमेन व्हायचं, मग मागून यांचं एकट्याचं जाडंभरडं आमेन यायचं, आणि ते ऐकू आलं की मी चहा खाली उतरवायची. त्या दिवशी मी पदराचा बोळा हातात धरून बसले होते आणि यांचं आमेन काही येईना. शेवटी चहा उतू जाऊन चुलीत पडला. मी चरफडत उठले आणि दारातून पाहिलं.

सतरंजीवर सगळे गुडघे टेकून बसले होते. इकडे पुरुष, तिकडे डोक्यावर पदर घेतलेल्या बायका. सगळ्यांचे डोळे मिटलेले. यांचेही मिटलेले होते, पण यांचे ओठसुद्धा मिटलेले होते.

मलकापूर स्टेशनच्या मागे, मिशनच्या जुन्या जागेत, आम्हा ख्रिस्ती लोकांच्या घरांची एक लाइन आहे. लाइनीची बुधवारची प्रार्थना आमच्या घरी व्हायची, कारण कडूबा हिवाळे, म्हणजे आमचे हे, प्रार्थनेच्या गटाचे प्रमुख होते. हे रेल्वेच्या पाण्याच्या टाकीवर पंप चालवतात. यांना गाता येत नाही, वाचताना ओळ सुटते, उपदेश करायला सांगितला तर दोन वाक्यांत आटपतात. चर्चच्या जुन्या पाळकसाहेबांनी यांच्यात काय पाहिलं ते मला बायको असूनही कधी कळलं नाही. यांना एकच गोष्ट नीट जमायची, ती म्हणजे वेळेवर थांबणं. टाकी भरली की पंप बंद.

आणि प्रमुखाचं आमेन झाल्याशिवाय कोणी उठायचं नाही, असा गटाचा नियम होता. पूर्वी निवृत्तीची प्रार्थना लांबली की माणसं डोळे किलकिले करून एकेक सटकायची. निवृत्ती जिनिंग प्रेसमध्ये फिटर आहे. त्याची प्रार्थना नव्या महाराष्ट्र राज्याच्या मंत्रिमंडळापासून सुरू होते आणि त्याच्या म्हशीपाशी येऊन संपते. म्हणून जुन्या पाळकसाहेबांनी तो नियम घालून दिला. तेव्हापासून त्या दिवसापर्यंत मधेच कोणी उठलेलं मी पाहिलं नव्हतं.

खरं सांगायचं तर मला हा बुधवार कधीच आवडला नाही. ही माणसं एकमेकांशी तोंडावर बोलत नाहीत, जे काय असेल ते प्रार्थनेत ओकतात. मास्तरांच्या बायकोनं, सत्यभामाबाईनं, माझ्याशी कधीचं बोलणं टाकलं होतं. पण माझ्याच घरात गुडघे टेकून, डोळे मिटून ती म्हणणार, “प्रभू, काही घरी पावण्याले पाण्यासारखा चहा देतेत. त्याइले मोठं मन दे.” आणि सगळे म्हणणार, आमेन! मी आतून भांडी आपटायची. माझी प्रार्थना तीच. गटात बसून मी कधी प्रार्थना केली नाही. चहाचं निमित्त मला बरं होतं.

त्या बुधवारी मात्र चहाचा विषय नव्हता. विषय सिंधूचा होता.

सिंधू आमच्या लाइनीतली नर्स, सरकारी दवाखान्यात नोकरीला. मला ती मुळीच आवडत नाही. माझा हात पोळला तेव्हा मी आधी घरीच कोरफड लावली होती. तर भर रांगेत मला म्हणाली, “काकू, घरीच डॉक्टर व्हा नं मंग, इथं काऊन आल्या?” माणसं हसली. ते हसणं मी विसरलेली नाही.

तिचं गाव संग्रामपूरकडे. ती लहानपणापासून मिशनच्या वसतिगृहात वाढली आणि तिथंच तिचा बाप्तिस्मा झाला. पुढे तिचे वडील जानराव आणि त्यांची सगळी वस्ती बौद्ध झाली. त्यावरून बापलेकीत वाद झाला आणि बोलणं तुटलं. गावाकडे तिला मिशनवाली म्हणायचे आणि आमच्यातले काही तिला तिकडची म्हणायचे. असे ते जानराव वारले. सिंधू गेली. पांढरं लुगडं नेसून शेवटच्या बुद्धवंदनेला बसली आणि सगळ्यांबरोबर तिनं हात जोडले. ती परत यायच्या आत ही बातमी मलकापुरात पोचली होती.

मास्तरांना तेवढं पुरलं. उत्तमराव मास्तर मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेले. नवीन घर बांधलंय, पुढे सिमेंटचा ओटा आहे. गट आपल्याकडे असावा असं त्यांना फार दिवसांपासून वाटत होतं, हे लाइनीतल्या कुत्र्यालाही माहीत होतं. त्यांनी बुलढाण्याला जाऊन नव्या पाळकसाहेबांचे कान भरले. पाळक तरुण, दोन्ही बाजूंना भिणारा. त्यानं निरोप धाडला की गटानं एकमतानं प्रार्थना करावी. गटाचं एकमत असेल तर सिंधूला प्रभुभोजनातून, म्हणजे रविवारी चर्चमध्ये देतात त्या भाकर-प्याल्यातून, वगळू, नसेल तर विषय संपला. आता आमच्या लाइनीत ज्याला प्रभुभोजन नाही त्याला लग्नाच्या पंगतीत पाट नाही आणि मेल्यावर आमच्या कबरस्तानात जागा नाही. गाव तर तिचं आधीच सुटलेलं. ही पोरगी जाणार कुठं, याचा विचार कोणी केला नव्हता. मीसुद्धा नव्हता केला. मी यांना सकाळपासून सांगत होते, “म्हणून टाका आमेन. तुमच्या एकट्याच्या आमेननं काय होते?”

हे फक्त “हूं” म्हणाले होते.

संध्याकाळी मास्तरांनी प्रार्थना केली ती अशी: “हे पवित्र पित्या, दोन दगडांवर पाय ठेवून उभी असलेली एक बहीण आमच्यामध्ये आहे. तिला आमच्यापासून वेगळी कर, म्हणजे तुझी मंडळी शुद्ध राहील.” आणि ती बहीण तिथंच होती, दाराजवळ, गुडघ्यांवर. तिला मुद्दाम बोलावून घेतलं होतं.

तर सगळ्यांचं आमेन झालं आणि यांचं झालं नाही.

आधी कोणी खाकरलं. मग निवृत्तीनं डोळे न उघडताच विचारलं, “कडूभाऊ, डोळा लागला काय?”

“नाही,” हे म्हणाले.

स्टेशनातून एक मालगाडी निघाली, तिचे सगळे डबे खडखडत गेले आणि तो आवाजही संपला. सत्यभामाबाईंनी सुस्कारा सोडला. “प्रभू, प्रमुखाले वाचा दे. माह्ये गुडघे गेले बापा.”

“कडूबा, समाप्ती करा,” मास्तर शाळेतल्या आवाजात म्हणाले.

“मास्तर, मले आमेन म्हणता येत नाही.”

मास्तरांचं पुस्तकी मराठी एका क्षणात गळून पडलं. “काऊन येत नाही बे? इतके वर्स म्हणत होता नं?”

“आमेन म्हणजे तसंच होवो. तसं होऊ नये असं मले वाटते. मंग कसं म्हणू? देवापुढं लबाडी होते.”

“म्हणजे आमी सगळे चुकलो अन् तू एकटा शहाणा?”

“तसं नाही मास्तर. तुमचं आमेन तुमी म्हटलं. माह्यं माह्यापाशी हाये.”

“अन् मंग उठाचं कधी?” निवृत्ती रडकुंडीला येऊन म्हणाला.

यांनी गुडघे सतरंजीवर आणखी घट्ट रोवले. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की हा माणूस नुसता गप्प नाही, यानं सगळ्यांना तिथं धरून ठेवलं आहे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. राहायचं या लोकांत, पाणी भरायचं यांच्याच नळावर, आणि हा पंपवाला निघाला सगळ्या लाइनीशी वैर घ्यायला! तेही त्या तोंडाळ पोरीसाठी. चूल विझत आली होती, तिच्याकडे पाहायचंसुद्धा मला सुचलं नाही.

मग सिंधू बोलली. तिचा आवाज नेहमीसारखा टणक नव्हता. “काका, म्हणून टाका आमेन. माह्यापायी लोकाइचे गुडघे नोका मोडू. मी जाते.” ती उठायला लागली.

“बस पोरी,” हे म्हणाले. “आमेन झालं नाही.”

ती बसली. नियम सगळ्यांना होता तसा तिलाही होता. आमेन होत नाही तोवर तिला कोणी बाहेर काढू शकत नव्हतं आणि तिला स्वतःलाही जाता येत नव्हतं.

किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. शेवटी मास्तर उठले. गुडघे कडाकडा वाजले त्यांचे. “ही प्रार्थना संपली,” ते म्हणाले. “आमेन मी म्हटलेलं आहे. पुढच्या बुधवारपासून गट माझ्या घरी भरेल. ज्याला यायचं त्यानं यावं.” आणि यांच्याकडे न पाहता ते बाहेर गेले.

मग काय, वाट मोकळी झाली. एकेक उठला. दाराशी ज्यानं त्यानं आपापल्या चपला शोधल्या. निवृत्तीनं आत माझ्याकडे पाहिलं, “चहा ऱ्हाऊ द्या आज वहिनी,” म्हणाला आणि मान खाली घालून गेला. सत्यभामाबाई सगळ्यांत शेवटी निघाल्या. उंबऱ्यावर थांबून त्या सरळ माझ्याशी बोलल्या. “नवऱ्याले आवर घालत जा वं.”

“तुमच्याले घाला आधी,” मी म्हणाले.

वाक्य तोंडातून सुटलं, आणि मग मला कळलं की मी कोणाच्या बाजूनं बोलले.

त्या गेल्यावर मी यांच्यावर घसरले. “झालं समाधान? गेला गट. आता बसा एकटेच गुडघ्यावर. तुमाले काय, तुमी टाकीवर जाऊन बसान. नळावर बोलणी मले खायाची हायेत!”

हे तसेच होते, डोळे मिटून. सिंधूही तशीच दाराजवळ.

“मंजुळे,” हे म्हणाले, “इकडं ये. गुडघे टेक. तू कर प्रार्थना.”

“मी? मले कुठं येते?”

“मले उठाचं हाये. पाय बधिर झाले. पण आमेन म्हणण्याजोगं कोणी काही म्हटल्याबिगर कसा उठू?”

असा माणूस. काय बोलणार याच्यापुढे! मला राग आला होता आणि रडू येत होतं, आणि दोन्हींपैकी एकही धड करता येत नव्हतं. मी जाऊन सिंधूच्या शेजारी गुडघे टेकले, कारण सतरंजी तिथंच कोरडी होती. बाकी सगळीकडे माणसं घामानं भिजवून गेली होती. तिच्या लुगड्याला दवाखान्याच्या फिनेलचा वास येत होता. मी डोळे मिटले.

“प्रभू,” मी म्हणाले, “ही पोरगी मले आवडत नाही. तुले माहीत हाये. लय तोंडाळ हाये. चार लोकाइत माह्यं हसू केलं हिनं. पण बाप मेल्यावर पोरगी नाही जाईन तं कोण जाईन? हात जोडले तं जोडले. बापाले जोडले. हिले हाकलून देल्यावर ही कुठं जाईन, ते मास्तरनं काही सांगतलं नाही. तूच सांग. मले याच्या पुढचं येत नाही.”

“आमेन,” हे म्हणाले. आवाज बसला होता, पण आमेन म्हणाले.

सिंधू मोठ्यानं रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला नाही, ते मला जमलं नसतं. आम्ही दोघींनी मिळून यांच्या काखेत हात घातले आणि यांना उभं केलं. भिंतीला धरून हे बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग मी चूल फुंकून उरलेला चहा गरम केला आणि सिंधूच्या हातात कप दिला. तिनं डोळे पुसले, एक घोट घेतला आणि म्हणाली, “साखर कमी हाये, काकू.” सुधारणार नाही ती.

एकमत झालंच नव्हतं, म्हणून रविवारी पाळकानं सिंधूला सगळ्यांसारखी भाकर आणि प्याला दिला. मास्तरांच्या घरच्यांनी माना फिरवल्या. तिचं नाव मंडळीत राहिलं. आमचा गट मात्र गेला तो गेलाच. नळावर माझी घागर अजून सगळ्यांत शेवटी भरते.

बुधवारी आता आमचं घर मोकळं असतं. हे टाकीवरून येतात, हातपाय धुतात आणि बाहेर दाराशी बसतात. मास्तरांचं घर तीन दारं पलीकडे. प्रार्थना ओट्यावर होते, म्हणून आमच्या दारापर्यंत सगळ्यांचा शब्द न् शब्द येतो, मास्तरांचा तर वर्गात ओरडून तयार झालेला आवाज. तिकडे एकेक प्रार्थना होते आणि हे इथं बसून डोळे मिटून प्रत्येकीला आमेन म्हणतात. निवृत्तीच्या म्हशीला म्हणतात, सत्यभामाबाईच्या गुडघ्यांना म्हणतात. परवा मास्तरांनी आपल्या नातवाच्या तापासाठी प्रार्थना केली, तेव्हा यांनी इतक्या मोठ्यानं आमेन म्हटलं की रस्त्यानं जाणारा सायकलवाला वळून पाहायला लागला.

“त्या मास्तरसाठी घसा काऊन फोडून राह्यले?” मी विचारलं. “त्यानं तुमाले एका दिवसात बाजूले केलं.”

“पोराले ताप हाये नं, मंजुळे.”

यांना जमतं ते. मी शेजारी बसते, तांदूळ निवडते, सगळं ऐकते. मी अजून एकदाही म्हटलेलं नाही.