लिडिअर्डच्या दवाखान्यातले तीन कॉम्प्युटर

सोमवारी सकाळी लिडिअर्ड यांच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या तीन कॉम्प्युटरांपैकी एक बाकीच्या दोघांना दिसेनासा झाला. तसा तो कुठे गेला नव्हता. मागच्या एक्स-रेच्या खोलीत, नेहमीच्या टेबलावर, कुत्र्याचे केस अंगावर घेऊन निवांत बसला होता. नोलीन पेड्डरला तो अगदी स्वच्छ दिसत होता. पण तिला दिसून काय उपयोग? काउंटरवरच्या आणि डॉक्टर फर्गस लिडिअर्डच्या खोलीतल्या कॉम्प्युटरला दिसत नव्हता, आणि हल्ली त्यांना दिसण्यालाच किंमत.

नोलीन एकतीस वर्षं त्या काउंटरमागे होती. फर्गसच्या वडिलांच्या काळात एक्स-रे काढला की खिडकीच्या काचेला चिकटवून बघायचे, संपलं. आता मागच्या खोलीत काढलेला एक्स-रे पुढच्या खोलीत उघडायचा, तर तीन यंत्रांचं आपसात जुळावं लागे.

"डॅरिलला बोलावतो," फर्गस म्हणाला. "त्याला कॉम्प्युटरमधलं कळतं."

डॅरिल म्हणजे फर्गसचा मेहुणा. जीलाँग शहरात एका दुकानात झेरॉक्स मशीनं विकायचा. दुकानाने त्याला नारळ दिल्यापासून त्याला कॉम्प्युटरमधलं फारच कळायला लागलं होतं.

तो मंगळवारी आला. आधी तिन्ही कॉम्प्युटर बंद केले आणि चालू केले. मग पुन्हा बंद केले, पण या वेळी वेगळ्या क्रमाने. मग तिघांची नावं बदलली.

"यंत्रांनी एकमेकांना दिसायचं तर आधी एकमेकांवर विश्वास लागतो," तो गंभीरपणे म्हणाला.

"मग चहाला बसव तिघांना," नोलीन म्हणाली. "डॅरिल, तो मागचा आपल्याच वायफायवर आहे ना?"

"त्यावर इंटरनेट चालतंय की नाही?"

"चालतंय."

"मग झालं तर. राणी, हे तू माझ्यावर सोड."

एकसष्ट वर्षांच्या आयुष्यात नोलीनला राणी म्हणणारे दोनच पुरुष निघाले. पहिल्याला तिने घटस्फोट दिला होता. तिने डॅरिलवर सोडलं.

दिवस गायी व्यायचे. फर्गस अर्धा वेळ कुणाच्या तरी गोठ्यात, कोपरापर्यंत गायीच्या पोटात. उरलेल्या वेळात एक्स-रे पाहिजेत, तेही लगेच. म्हणून नोलीनने गळ्यात पेन ड्राइव्ह अडकवला आणि मागून पुढे, पुढून मागे फेऱ्या सुरू केल्या. डावा गुडघा कुरकुरायला लागला. डॅरिल मात्र काउंटरवरच्या खुर्चीत, तिच्याच खुर्चीत, बसून विचार करत होता.

बुधवारी त्याला यश आलं. मागच्या कॉम्प्युटरला प्रिंटर सापडला. "दिसला म्हणजे दिसला," म्हणत त्याने समोर होता तो एक्स-रे छापायला पाठवला. तो मर्व हॉलोवेच्या टिंकर नावाच्या कुत्र्याच्या कमरेचा होता. दवाखान्यातला प्रिंटर ढिम्म. डॅरिलने पुन्हा पाठवला. एकूण सात वेळा पाठवला.

"शाई संपलीय," त्याने निदान केलं. "उद्या आणतो."

गुरुवारी अकराच्या सुमाराला शेजारच्या बेकरीतली थुई आली. एप्रनला पीठ, हातात कागदांची गुंडाळी.

"नोलीन, हे तुमचं का गं?"

नोलीनने कागद उलगडले. टिंकरची कंबर. सात प्रती.

"केकच्या ऑर्डरी छापतो ना आम्ही, त्या मशीनमधून कालपासून हे येतंय," थुई म्हणाली. "आमचे हे म्हणतात, आरोग्य खात्याने पाठवलंय. कुणाला तरी आपल्या खिम्याच्या पॅटिसमध्ये हाड सापडलंय. कालपासून जेवले नाहीयेत. पुरवठादाराशी भांडून झालं."

नोलीन हसली नाही. कागद घेऊन सरळ मागच्या खोलीत गेली. थुई मागोमाग. कॉम्प्युटरच्या कोपऱ्यातल्या वायफायच्या खुणेवर तिने टिचकी मारली. वायफायचं नाव आलं: थुईज बेकरी, गिऱ्हाईक.

तेवढ्यात फर्गस गोठ्यातून परतला, दारात उभा राहून गमबूट काढायला लागला.

"फर्गस, याला बेकरीच्या वायफायवर कुणी घातलं?"

फर्गसचे कान लाल झाले. लहानपणी औषधाच्या कपाटातली साखर खाताना सापडायचा, तेव्हाही आधी कानच लाल व्हायचे. "शुक्रवारी. फुटबॉलची मॅच बघायची होती. आपलं वायफाय मागे सारखं अडकतं."

"आणि पासवर्ड?" थुईने विचारलं.

"तुझ्या भिंतीवर लिहिलाय की."

"तो कॉफी घेणाऱ्यांसाठी आहे. घेतली होतीस?"

"नाही," फर्गस म्हणाला.

नोलीनने कॉम्प्युटर दवाखान्याच्या वायफायवर घेतला. तरी पुढच्या दोघांना तो दिसेना. मग तिने स्वतःच्या खुर्चीत बसून डॅरिलची दुरुस्ती तपासली. पुढच्या दोघांचं जाळं त्याने 'सार्वजनिक' करून ठेवलं होतं, म्हणजे विमानतळावर अनोळखी लोकांपासून लपतात तशी ती दोघं आपल्याच दवाखान्यात लपून बसली होती. तिने दोन्हीकडे 'खाजगी' केलं. तिन्ही नावं एकाखाली एक उभी राहिली. सगळं मिळून वीस मिनिटं.

जेवणानंतर डॅरिल शाईचा डबा घेऊन आला. पडद्यावरची तीन नावं बघितली आणि मान डोलावली.

"काल केलेलं लागू पडायला एवढा वेळ लागतोच," तो म्हणाला.

नोलीनने फर्गसकडे पाहिलं. फर्गस स्वतःच्या मोज्यांकडे पाहत होता. बायकोचा भाऊ, रविवारचं जेवण, सगळं तिला कळत होतं. कळत असूनही तिला राग आला. त्याच्या वडिलांनी डॅरिलला तोंडावर सांगितलं असतं. ते मेहुण्यांना ओळखच द्यायचे नाहीत.

"डॅरिल," ती गोड आवाजात म्हणाली, "थुईच्या नवऱ्याला, तुआनला, जरा समजावून ये ना. त्याच्या प्रिंटरमधून सात एक्स-रे आलेत. तूच पाठवलेस म्हणून सांग. तो माहितगार माणसाची वाटच बघतोय."

डॅरिलने कॉलर नीट केली, तिने पुढे केलेले सातही कागद घेतले आणि गेला. खिडकीतून नोलीनला दिसलं, तुआनने सातही कागद काउंटरवर एका ओळीत मांडले आणि दारावरची पाटी फिरवून दुकान बंद केलं.

"मी बोलायला हवं होतं," फर्गस म्हणाला.

"हो," नोलीन म्हणाली. "आणि थुईकडून सात कॉफ्या आण. शुक्रवारपासून सात दिवस वापरलंस."

पाऊण तासाने डॅरिल बाहेर आला आणि सरळ गाडीत जाऊन बसला. शाईचा डबा काउंटरवरच राहिला. नोलीनने खोलून पाहिला. तो त्यांच्या प्रिंटरला बसणारा नव्हता.