चौकटीतला चरा

मित्रांनो, मी काळा आहे, जुना आहे आणि माझ्या तोंडावर एक चरा आहे. आधीच सांगून टाकलेले बरे, नाहीतर कोणी ना कोणी विचारतेच. मी गणित विभागातला फळा.

गिरगावातल्या एका सुताराने सागवानाच्या चार फळ्या जोडून मला घडवले आणि काळ्या रंगाचे तीन हात दिले. इतका गुळगुळीत झालो की, खोटे कशाला बोलू, मला त्याचा गर्वच झाला. विद्यापीठाच्या गणित विभागात दुसऱ्या मजल्यावर मला चढवत होते, तेव्हा कठड्याचा खिळा लागला आणि पेराएवढी आडवी खाच पडली. गर्वाचे घर खाली म्हणतात. माझे जिन्यातच आले. खाचेत खडूची भुकटी बसली ती कायमची. नवख्याला ते उणेचे चिन्ह वाटे. विभागातली माणसे मात्र ते वगळूनच वाचत.

या विभागाची एक रीत होती. इथे लोक वहीत विचार करत नसत, माझ्यावर करत. काम पुसले जाऊ नये असे वाटले की त्याभोवती खडूने चौकट आखायची आणि कोपऱ्यात तारीख घालायची. ती पुसायची तीही आखणाऱ्यानेच. विभागप्रमुख हेरंब सबनीस सरसुद्धा दुसऱ्याच्या चौकटीला हात लावत नसत. मग कधी कधी शिकवायला हातभरच जागा उरे. तेवढ्या जागेत सर बारीक अक्षरात लिहीत आणि मुले माना वाकड्या करून उतरवून घेत. दूरदूरच्या नियतकालिकांत छापून आलेले शोध आधी माझ्या अंगावर उमटले होते. त्याचा गर्व अजून आहे, तो काही गेला नाही.

मला पुसण्याचे काम कोंडीरामचे. तो मालवणकडचा, विभागाचा शिपाई, जिन्याखालच्या खोलीत राहणारा. त्याला अक्षरओळख नव्हती. रोज कोरड्या फडक्याने आणि शनिवारी ओल्या फडक्याने तो मला पुसे, पण चौकटीच्या रेघेला त्याचे फडके कधी शिवले नाही.

आणि सुभद्रा परब. लालबागच्या चाळीतली, वडील कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर. संशोधनाला राहिलेली विभागातली पहिली मुलगी. तीन वर्षे ती एकाच प्रमेयामागे होती. छप्पन सालच्या जानेवारीअखेर तिची मुदत संपत होती. महिन्याच्या शेवटच्या सोमवारी बाहेरचे परीक्षक येणार होते. त्यांच्यासमोर सिद्धता मांडता आली तर पुढे काम, नाहीतर संशोधन बंद आणि कुठल्यातरी शाळेत नोकरी. आणि ऐन कसोटीला, सोळा तारखेच्या दुपारी, तिला ती सिद्धता सापडली. सकाळपासून भराभर लिहीत सुटली होती. मी काठोकाठ भरलो. तिने चौकट आखली, तारीख घातली आणि वहीत उद्या उतरवू म्हणून घरी गेली.

तो उद्या दहा दिवसांनी उगवला. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असे कळले आणि शहर पेटले. गिरगावात, लालबागेत, परळला गोळ्या चालल्या. माणसे गेली. आमची इमारत बंदोबस्ताच्या पोलिसांना उतरायला दिली. त्यांच्या हवालदाराला पहाऱ्याच्या पाळ्या लिहायला फळा हवा होता. कोंडीराम आडवा उभा राहिला. चौकटीची रीत त्याने समजावून सांगितली, हात जोडले. हवालदार माणूस वाईट नव्हता, पण त्यालाही वरून हुकूम होता. त्याने दोन तासांची सवड दिली.

कोंडीरामने जुन्या कॅलेंडरची पाने उपसली आणि कोऱ्या बाजूंवर पेन्सिलीने माझ्यावरचे सगळे उतरवायला बसला. वाचता येत नव्हते, म्हणून त्याने ते चित्रासारखे काढले. वाकडे तिथे वाकडे, ठिपका तिथे ठिपका. सात पाने भरली. त्याच्या कपाळावरचा घाम मला दिसत होता. मग हवालदाराने मला पुसले.

विभाग उघडला तेव्हा सुभद्रा धावत वर आली आणि माझ्यावर पोलिसांची नावे पाहून मटकन बाकावर बसली. कोंडीरामने पाने पुढे केली. तिने ती कपाळाला लावली. मला वाटले, सुटलो सगळे.

पण चौथ्या पानावर घोडे अडले. एका ओळीच्या आरंभी उणे आले होते आणि त्या उण्याने पुढची सगळी सिद्धता कोसळत होती. सबनीस सरांनीही तपासले. उतरवताना चूक झाली असेल, असे ते हळूच म्हणाले. सुभद्रा म्हणाली, "काकांनी एक ठिपकासुद्धा सोडलेला नाही, सर. चुकले असेन तर मीच."

दोन दिवस ती माझ्यावर तेच तेच लिहीत राहिली. मित्रांनो, मला सगळे ठाऊक होते आणि मला वाचा नव्हती. तिचे उणे तिचे नव्हतेच. घाईत ती चऱ्याला लागूनच लिहीत गेली होती. मला आयुष्यात एवढी लाज कधी वाटली नाही.

शनिवार आला. कोंडीरामने ओले फडके फिरवले. सुभद्रा हताश होऊन पाहत होती. सगळे गेले, मी काळाशार झालो, आणि एक आखूड पांढरी रेघ तेवढी उरली. ती उठली. चौथे पान तिने माझ्या अंगाला लावून धरले. रेघ रेघेसमोर आली.

"काका, हा तर चरा आहे. हे तुम्हाला माहीत होते ना?"

"माका नाय तर कोणाक म्हायत? बारा वर्सां घासतंय."

"मग पानावर कशाला काढलात?"

कोंडीराम गोंधळला. "तो चौकटीत होतो, बाय. चौकटीतला सोडूक माका काय अधिकार?"

सुभद्रा हसली, आणि हसता हसता रडली. सोमवारी परीक्षकांसमोर सिद्धता उभी राहिली. पुढे तिचा निबंध छापला गेला, त्यात आभार मानायला दोन नावे होती. दुसरे कोंडीरामचे.

त्यानंतर मधल्या सुट्टीत ती त्याला अक्षरे शिकवू लागली. साठ साली महाराष्ट्र झाला, त्याच महिन्यात कोंडीराम निवृत्त झाला. शेवटच्या दिवशी तिने त्याच्या हातात खडू दिला. माझ्या चऱ्याखाली त्याने स्वतःचे नाव लिहिले, चौकट आखली, तारीख घातली. सर म्हणाले, आता हे तूच पुसायचेस. "गावाक जावन येतंय, मगे पुसतंय," तो म्हणाला.

पावसाळ्यात गावाहून पत्र आले. कोंडीराम गेला होता.

माझ्यावर आज सुभद्राबाई शिकवतात. गेल्या वर्षी कचेरीने मला नवा रंग द्यायचे ठरवले. चरा बुजेल, फळा गुळगुळीत होईल म्हणाले. मी क्षणभर लोभावलोही. बाईंनी रंगाऱ्याला चऱ्याखालची चौकट दाखवली आणि म्हणाल्या, "ज्याची आहे त्याला विचारा."

मित्रांनो, फडके उचलण्याआधी एवढे बघत जा, की पुसतो आहोत ते कोणाचे आहे. माझ्यावर आता जागा थोडी कमी पडते. मुले माना वाकड्या करून उतरवून घेतात.