सोड्याच्या बाटलीचं दुःख

तो बुधवार अगदी बुधवारासारखाच होता. वसतिगृहाच्या मावशींनी सकाळी चाळीस मुलींच्या ऐंशी वेण्या घातल्या, दात न घासता नुसतंच तोंड ओलं करून आलेल्यांना परत नळावर पिटाळलं, बरणीचं झाकण कुणी हरवलं यावरून आचाऱ्याशी वाद घातला आणि जिंकला. दुपारी त्या शाळेच्या प्रयोगशाळेत डोकावल्या. तिथे विज्ञानाच्या बाई वह्या तपासत होत्या. या बाई म्हणजे मावशींची एकुलती एक लेक. मावशींनी एक परीक्षानळी उजेडात धरली आणि हिच्यात चहा किती मावेल, असं विचारलं. लेकीने ती त्यांच्या हातातून काढून घेतली. संध्याकाळी दोघी घरी गेल्या, जेवल्या, झोपल्या.

असा दिवस कोणी लक्षात ठेवत नाही. पण गुरुवारी दुपारी, भोजनगृहात वाढता वाढता, मावशी हातातल्या डावासकट खाली कोसळल्या. डॉक्टर धावत आले, पण करण्यासारखं काही उरलं नव्हतं. आणि चाळीस मुलींनी ते सगळं पाहिलं होतं.

त्यानंतर वसतिगृहाची घडी विस्कटली. काही मुली ताट घेऊन जिन्यात बसू लागल्या, भोजनगृहात पाय टाकेनात. दोघींची अंथरुणं ओली होऊ लागली. आणि टाचणी बोलायची थांबली. टाचणी दहा वर्षांची. अंगाने बारीक आणि जिभेने टोचरी म्हणून मावशींनीच तिला हे नाव दिलं होतं. एरवी जिचं तोंड बंद करता करता शिक्षकांच्या नाकी नऊ यायचे, ती आता हूं की चूं करत नव्हती.

शाळेत दर मंगळवारी एक समुपदेशक यायच्या. त्यांचं औषध फारच साधं होतं. जेवणाची वेळ बदलू नका. पुढे काय होणार आहे ते मुलींना आधी सांगा. रडू आलं तर रडू द्या, बोलावीशी वाटली तर मावशींची आठवण बोलू द्या. नाही बोलल्या तर खोदून विचारू नका, पण जवळ बसा. त्या स्वतः टाचणीशेजारी जिन्यात बसून जेवायच्या. दर आठवड्याला दोघी एक पायरी खाली सरकायच्या, कारण जिना भोजनगृहाच्या दारात संपत होता.

पण शाळेच्या मोठ्या बाईंना पायऱ्या मोजण्याइतका धीर नव्हता. तीन आठवडे झाले, रडणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलंच की, असं त्यांचं म्हणणं. त्या वाईट नव्हत्या. चाळीस मुलींचं रडणं कार्यालयाच्या भिंतीतून ऐकू येत असलं की माणूस कुणाचंही ऐकतो. त्यांनी फुंकरीने दुःख घालवणाऱ्या एका श्वासगुरूंचं ऐकलं.

श्वासगुरू आले त्या दिवशी सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. मुली, शिक्षक, आचारी, गावातले पालक, पालकांचे शेजारी. श्वासगुरूंनी गालाला चिकटणारा माईक लावला होता, पायात पांढरेशुभ्र बूट होते आणि आवाज असा की ऐकणाऱ्याला आपोआप जांभई यावी. दुःख मनात राहतं हा गैरसमज आहे, असं त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं. दुःख फुप्फुसाच्या तळाशी राहतं. रडलं की ते ढवळतं, बोललं की घट्ट होतं. ते बाहेर काढायचं तर श्वासावर स्वार करून काढावं लागतं. मग त्यांनी सोबतच्या कॅनमधलं पाणी काचेच्या पेल्यांत ओतलं. पाणी कसलं, तर म्हणे सात वर्षं मौनात ठेवलेलं. मौनात ठेवलेलं पाणी बोलक्या पाण्यापेक्षा वेगळं कसं ओळखायचं, हे कुणी विचारलं नाही.

पहिल्या मुलीने पेल्यात नळी घालून फुंकलं. नितळ पाणी बघता बघता दुधासारखं झालं. सभागृहातून एकच सुस्कारा निघाला. श्वासगुरूंनी फुंकत राहायला सांगितलं. मुलगी लालबुंद होईपर्यंत फुंकत राहिली आणि पाणी हळूहळू पुन्हा नितळ झालं. आधी दुःख बाहेर आलं, मग विरघळलं. आचाऱ्याने तर हातच जोडले.

विज्ञानाच्या बाईंनी ते पाणी पहिल्याच फुंकरीला ओळखलं होतं. ती चुन्याची निवळी होती. दरवर्षी आठवीला त्या हाच प्रयोग करून दाखवायच्या. समोर बसलेल्या नववीच्या मुलींनी गेल्याच वर्षी त्यावर पाचपैकी पाच गुण मिळवले होते आणि आता त्याच आ वासून बघत होत्या. पुस्तकातलं पाणी पुस्तकाबाहेर दिसलं की कुणी ओळखत नाही. बाईंनी तेव्हाच उठून सांगायला हवं होतं. त्या उठल्या नाहीत. उलट पाळी आली तेव्हा त्यांनीही फुंकलं. पेला दूध झाला, मागून कुणीतरी हळहळलं, बिचारीने केवढं साठवून ठेवलं होतं. आणि एक क्षणभर बाईंना खरोखर हलकं वाटलं. का पांढरं झालं ते नेमकं ठाऊक असूनही वाटलं. पुढे त्या क्षणाची त्यांना लाज वाटली, पण तो आला होता हे त्यांनी स्वतःपाशी कबूल केलं.

खरी मेख शेवटी होती. श्वासगुरूंनी ओठांवर बोट ठेवलं. जे बाहेर गेलं त्याचं नाव आता कुणी काढायचं नाही. नाव काढलं की ते तोंडावाटे परत आत शिरेल.

आठवड्याभरात वसतिगृह इतकं शांत झालं की चमचा पडला तरी दचकायला व्हावं. मावशींचं नाव कुणी घेईना. मुली रडायच्या ते पांघरुणात, उशी तोंडात धरून. मोठ्या बाईंना मात्र भिंतीतून काही ऐकू येत नव्हतं, म्हणून त्यांनी आनंदाने समुपदेशकांना निरोप धाडला की मंगळवारची आता गरज नाही.

राहिली एकटी टाचणी. तिचा पेला पांढरा झालाच नव्हता. पाणी जसंच्या तसं. श्वासगुरूंनी डोळे मिटून निदान केलं की हिचं दुःख दगडाचं आहे, ते फुंकरीने हलायचं नाही. हिला तीन महिने त्यांच्या केंद्रात ठेवायला हवं, कडक मौनात. बोलणं विसरलेल्या मुलीला मौनाचं औषध, म्हणजे बुडणाऱ्याला वरून पाणी पाजण्यातलाच प्रकार. पण मोठ्या बाईंनी पत्रावर सही केली. शनिवारी दुसरं सत्र होतं आणि ते संपलं की टाचणीला घेऊन गाडी निघणार होती.

ही बातमी ऐकल्यावर विज्ञानाच्या बाईंची झोप उडाली आणि डोकं चालू लागलं. चुन्याच्या निवळीला दगड आणि माती कळत नाही. तिच्यात कुणीही फुंकलं तरी ती पांढरी होणारच. पेला नितळ राहिला याचा अर्थ एकच. पोरीने फुंकलंच नव्हतं. नळी ओठांत धरली, गाल फुगवले आणि श्वास आत दाबून ठेवला. का, ते काही त्यांना कळेना. पण न फुंकल्याबद्दल कुणाला घराबाहेर काढतात का?

शनिवारी सभागृह पुन्हा भरलं. टाचणी पहिल्या रांगेत, मांडीवर पिशवी घेऊन. श्वासगुरूंनी पेले भरले, तशा बाई उठल्या आणि आपल्यालाही एका दुःखी जिवाला बरं करून घ्यायचं आहे, असं नम्रपणे म्हणाल्या. मग पदराआडून त्यांनी सोड्याची बाटली काढली. झाकण उडवलं, भोकाचं बूच बसवलं, बुचातली रबरी नळी श्वासगुरूंच्याच पेल्यात सोडली आणि बाटली हलवली.

पेला दूध झाला.

सभागृहात खसखस पिकली. बाटलीला कसलं दुःख, असं कुणीतरी मागून विचारलं, तर दुसरा म्हणाला, लहानपणापासून बूच बसलंय तिच्या तोंडाला. बाई बाटली हलवत राहिल्या. पाणी पुन्हा नितळ झालं. बाटली मुक्त झाली.

मग त्यांनी एक पेला नळावर भरून आणला आणि श्वासगुरूंनाच फुंकायला दिला. ते फुंकून फुंकून दमले, पाणी ढिम्म. विज्ञान जिथे संपतं तिथे आपलं कार्य सुरू होतं, असं त्यांनी धाप लागलेल्या आवाजात सांगितलं. बाई म्हणाल्या, हे विज्ञान संपलेलं नाही, आठवीत सुरू होतं. आणि त्यांनी नववीतल्या एका मुलीला उभं केलं. तिने जीभ चावली आणि घडाघडा सांगितलं. चुन्याची निवळी. श्वासातल्या कार्बन डायऑक्साईडने पांढरी होते. तोच वायू सोड्यात असतो. जास्त सोडला की पांढरेपणा विरघळतो. रडणाऱ्याचा श्वास असो की हसणाऱ्याचा, निवळीला सारखाच.

श्वासगुरूंनी कॅन उचलले. पांढरे बूट दारातून दिसेनासे झाले, पण माईक गालालाच राहिला होता, त्यामुळे ते ड्रायव्हरला काय बोलले तेही सगळ्यांना ऐकता आलं.

मोठ्या बाई हिरमुसून बसल्या होत्या. पाणी खोटं होतं हे मान्य, पण मुली शांत झाल्या ते तर खरं होतं ना, असं त्यांनी विचारलं.

"त्या शांत झाल्या नाहीत, गप्प झाल्या," बाई म्हणाल्या. "भांड्यावर झाकण ठेवलं म्हणजे आतलं उकळायचं थांबत नाही. आपल्याला रडणं ऐकवत नव्हतं म्हणून आपण त्याला आजार म्हणालो. मीही त्यात होते. तुम्ही समुपदेशकांना फोन करा, मंगळवार परत आणा."

मोठ्या बाईंनी टाचणीच्या मांडीवरची पिशवी स्वतः उचलली आणि पत्र फाडलं.

सभागृह रिकामं झाल्यावर बाई प्रयोगशाळेत पेले विसळत होत्या. टाचणी दारात येऊन उभी राहिली. बाईंनी काही विचारलं नाही, नुसतं एक फडकं पुढे केलं. ती शेजारी येऊन पेले पुसू लागली. चारपाच पेले झाले.

"माझ्या तोंडातून वाईट बाहेर येतं," टाचणी म्हणाली. एवढ्या दिवसांनी निघालेला आवाज, गंजल्यासारखा. "म्हणून मी फुंकलं नाही. सगळ्या समोर बसल्या होत्या."

बाईंनी नळ बंद केला. "कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. त्या दिवशी मावशीने वेणी घट्ट घातली. मी म्हटलं, मर एकदाची. आणि दुपारी…"

बाई स्टूल ओढून बसल्या, तिच्या डोळ्यांच्या उंचीला. त्यांना पटकन म्हणता आलं असतं की विसर ते. तेच तर सगळे म्हणत आले होते.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "शब्द लागतो. मावशीला तुझा शब्द लागला असेल, नसेलही, तिला रोज चाळीस जणी असं काहीबाही म्हणायच्या. पण शब्दाने हृदय बंद पडत नाही. डॉक्टरांनी मला सांगितलंय, तिच्या हृदयाची रक्तवाहिनी कित्येक महिन्यांपासून बुजत आली होती. तू गोड बोलली असतीस तरी बुजलीच असती. ही मी तुझी समजूत घालत नाही, असंच असतं म्हणून सांगते. कुणाच्या बोलण्याने कुणी मरत असतं, तर शाळेत एक माणूस उरला नसता."

टाचणीने पुसलेलाच पेला पुन्हा पुसायला घेतला. पटलं होतं, पण पुरेसं नाही. बाईंना ते दिसलं, कारण हाच हिशोब त्यांनी स्वतःशीही शंभरदा मांडून पाहिला होता आणि एकटीने मांडलेला हिशोब काही केल्या सुटत नव्हता.

"त्या दिवशी सकाळी मीही तिला बोलले," बाई म्हणाल्या. "हे मी कुणालाच सांगितलं नाही. ती तुमच्या वेण्या घालायला लवकर निघाली होती. मी म्हटलं, तू सगळ्या जगाची मावशी झालीस, माझी आई व्हायला मात्र तुला वेळ नाही. तिने चपला घातल्या आणि गेली. त्याने ती मेली नाही, हे मला ठाऊक आहे. पण ती माझी आई होती, टाचणे, पुरेपूर होती, आणि ते मी तिला कधी म्हटलं नाही."