भातवाढीला बांधलेली किल्ली

मित्रांनो, मी एक जुनी किल्ली आहे. पण मला दात नाहीत आणि जगातलं एकही कुलूप माझ्यानं उघडत नाही. बोटाच्या पेराएवढी मी, संगणकाच्या कडेला खुपसायची. मी आत असले तरच इमारतींची मॉडेलं करायचं ते महागडं सॉफ्टवेअर चालतं, मला उपसलं की ते गप्प. एक किल्ली म्हणजे एक परवाना. इंडोनेशियातल्या सेमारांग शहरात ज्या छोट्या कचेरीत माझं आयुष्य गेलं, तिथं माणसं पाच आणि मी एकटी. दुसरी घ्यायची ऐपत नव्हती. त्यामुळे मी हरवेन या धास्तीनं सगळे जगायचे, आणि सगळ्यांत जास्त मी. जन्माचीच भित्री मी!

मालकीणबाई बू हार्तिनी (तिकडं मानानं बाईला बू म्हणतात) यांनी पहिल्याच दिवशी मला लाल दोऱ्यानं एका लाकडी भातवाढीला बांधून टाकलं. "आता घाला खिशात!" म्हणाल्या. तेव्हापासून माझं नावच भातवाढी पडलं. "भातवाढी कुणाकडंय रे?" अशी हाक रोज दहादा उठायची. हसू नका, मित्रांनो. त्या लाकडाचा मला केवढा आधार वाटायचा!

पाळी ठरायची भिशीनं. तिकडं भिशीला अरिसान म्हणतात. बायकांच्या भिशीत पैसे निघतात, आमच्याकडे दिवस निघायचे. सोमवारी सकाळी कॉफीच्या पेल्यात पाच चिठ्ठ्या टाकायच्या, ज्याची जशी निघेल तसा त्याचा वार. बू आपली चिठ्ठी दर आठवड्याला कुणाला तरी देऊन टाकायच्या. "मला कुठं वेळ आहे?" म्हणायच्या. नियम एकच होता, पण कडक. पाळी सोडून किल्ली हवी असेल, तर सगळ्यांसमोर उभं राहून कारण सांगायचं.

आमच्याकडे पाक दार्सोनो, म्हणजे आपल्याकडचे दार्सोनोकाका म्हणा, हे चोपन्न वर्षांचे नकाशेकार होते. तीस वर्षं रेषा ओढलेला हात. त्यांची रेघ बघून मुकादम नकाशा ओळखायचे. पण या नव्या सॉफ्टवेअरमध्ये रेघा ओढायच्याच नसतात. भिंत म्हणजे दोन रेषा नव्हेत, तिथं आख्खी भिंत उभी करावी लागते. सगळी इमारत आत बांधली की नकाशे आणि सामानाची यादी आपोआप बाहेर पडते. बू त्यांना म्हणाल्या होत्या, "पाक दार्सोनो, वर्षाखेरीस ज्यांना मॉडेल जमेल त्यांनाच ठेवणं मला शक्य आहे. वाईट वाटून घेऊ नका." त्यांनी हसून मान डोलावली. पण त्यांच्या पाळीला मला खुपसताना त्यांची बोटं अशी थरथरायची की आधी मी हमखास उलटी जायची. शिकलेली एकेक पायरी ते वहीत सुबक अक्षरात लिहून ठेवायचे. शेजारच्या टेबलावरची वेनिंग, या कामातली तरबेज पोरगी, त्यांना चिडवायची, "पाक, माऊस एवढा आवळू नका, मरेल बिचारा!" ते हसायचे. विचारायचे मात्र काही नाहीत.

एका मंगळवारी त्यांच्यापुढे डोंगरउतारावरच्या शाळेचं काम होतं. सगळ्यात खालच्या वर्गावर एक बीम बसवायचा होता. तीनदा बसवला, तीनदा तो तिरका झाला. पाक दार्सोनोंनी इकडंतिकडं बघितलं आणि छापायच्या नकाशावर सरळ दोन रेषा ओढल्या. कागदावर बीम आला! नकाशा बघणाऱ्याला कळणारही नाही असा देखणा. पण सगळं माझ्यातून जातं, मित्रांनो. मला माहीत होतं, इमारतीत बीम नव्हता.

बुधवारी वेनिंगची पाळी होती. तिनं सामानाची यादी काढली आणि मोठ्यानं वाचली, "खांब सोळा, बीम अकरा. जेवून आले की कंत्राटदाराला पाठवते." पाक दार्सोनोंच्या हातातली कॉफी बशीत सांडली. बीम बारा हवे होते. कंत्राटदार यादी बघून सळई आणतो, नकाशा उघडतोय कोण? आणि त्या वर्गात पोरं बसणार होती.

दुपारी सगळे सोतो, म्हणजे तिकडचं गरम सूप, खायला गेले. पाक दार्सोनो पोट बिघडल्याचं सांगून मागे राहिले. त्यांनी लाल दोऱ्याची गाठ सोडली आणि मला घेऊन आपल्या संगणकाकडे निघाले. दहा मिनिटांत बीम बसवू, यादीही आपोआप सुधारेल, कुणाला पत्ता लागणार नाही, एवढाच त्यांचा बेत. तेवढ्यात दारात बू! छत्री विसरल्या होत्या. मी गेले खिशात. आईशप्पथ सांगते, त्या खिशात त्यांच्या छातीचे ठोके ऐकून माझीच पाचावर धारण बसली.

बू परत गेल्याच नाहीत, आणि मग सगळेच परतले. वेनिंगच्या टेबलावर नुसती भातवाढी.

"तुझ्या पाळीत, वेनिंग! तुझ्या पाळीत हरवली!" बूंचा आवाज चिरकला. कचऱ्याच्या टोपल्या पालथ्या झाल्या, कुरकुरीत पापडांचा डबासुद्धा उपडा झाला. वेनिंग रडकुंडीला आली. "बू, देवाशपथ, मी इथंच ठेवली होती हो!"

पाक दार्सोनोसुद्धा टेबलाखाली वाकून मला शोधत होते. मी त्यांच्या खिशात होते आणि ते मला शोधत होते!

तेव्हा वेनिंग डोळे पुसत म्हणाली, "पाक, तुम्ही नका वाकू. तुमची पाठ दुखते."

ते तसेच गुडघ्यावर थांबले. मग हळूहळू उठले आणि त्यांनी मला भातवाढीवर ठेवलं.

"मला पाळी सोडून किल्ली हवी आहे," ते म्हणाले. "कारण सांगतो. शाळेच्या खालच्या वर्गावरचा बीम मी नुसता कागदावर रेघांनी काढलाय, मॉडेलमध्ये बांधलेला नाही. मला जमला नाही. आणि विचारायची भीती वाटली."

बू मटकन खुर्चीत बसल्या. त्यांनी विचारलं, "यादी गेली?"

"नाही अजून," वेनिंग म्हणाली.

"मग बघत काय राहिलात? दाखव त्यांना!"

वेनिंगनं नाक ओढलं. "आधी मला रडवल्याबद्दल तळलेलं टोफू, पाक. मग बीम."

बीम बसायला चार मिनिटं लागली. यादीत बारा आले. चार मिनिटांची गोष्ट होती हो!

पुढच्या सोमवारी बूंनी पेल्यात पाच चिठ्ठ्या टाकल्या आणि पेल्याखाली सहावी ठेवली. "ही कोरी. ज्याचं चुकलं असेल, अडलं असेल, त्यानं उचलायची. त्याला लगेच किल्ली मिळेल. कारण कुणी विचारायचं नाही."

तीन आठवडे तिला कुणी हात लावला नाही. भीती अशी एका दिवसात जाते थोडीच! चौथ्या सोमवारी एक हात पुढे आला आणि त्यानं पेला उचलला. हात बू हार्तिनींचा होता. चिठ्ठी धरताना त्यांची बोटं थरथरत होती, अगदी पाक दार्सोनोंसारखी. मग कुठं माझ्या ध्यानात आलं, की दर आठवड्याला त्या पाळी का देऊन टाकत होत्या. कारण कुणी विचारलं नाही. पाक दार्सोनोंनी शेजारची खुर्ची सरकवली, त्यांना बसवलं आणि आपली वही उघडून पहिल्या पानापासून सुरुवात केली.

ते निवृत्त होईपर्यंत तिथंच राहिले. आता सॉफ्टवेअरला किल्ली लागत नाही. मी त्याच पेल्यात पडून असते आणि भातवाढी खिळ्याला टांगलेली असते. कचेरीत साफसफाई निघाली की अजून माझा जीव थाऱ्यावर नसतो, या खेपेला नक्की कचऱ्यात जाणार असं वाटतं. पण मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. तुमच्या शेजारी कुणी गुपचूप, घाबरत घाबरत शिकत असेल, त्याला जपा. त्याच्यासाठी एक कोरी चिठ्ठी ठेवा. आमची अजून पेल्याखालीच आहे. उचलून उचलून तिच्या कडा मऊ झाल्या आहेत.