दसऱ्याचा व्हिडिओ

सत्यजीतचा फोटो पेपरात आला त्या दिवशी मला भाकरी गोड लागली नाही. निमोण्याचा हा पोरगा माझ्याच यवतच्या वर्कशॉपमध्ये कांद्याची पात कापायचं मशीन बनवतो आणि पेटंटचा अर्ज स्वतःच्या नावावर करतो! लोखंड माझं, वेल्डिंग माझं. कल्पना त्याची होती, कबूल. पण कल्पनेला काय वजन असतं?

वजन होतं. एका कंपनीनं त्याच्याशी बोलणी सुरू केली. पेटंट मिळालं की मशीन ती बनवणार, दर मशीनमागं पैसे त्याला.

बायको म्हणाली, "पोरगं पुढं गेलं, आनंद माना की."

आनंद! तो पेढे घेऊन आला तर मी शटर ओढून आत बसलो. "खंडूदादा, जरा बोलायचंय," म्हणत तो बाहेर उभा.

मग एका वकिलाकडून कळलं, अर्जाआधीच वस्तू लोकांसमोर आली असेल तर पेटंट मिळत नाही, आणि मंजुरीआधी कुणीही हरकत घेऊ शकतं. मी उडालोच. दसऱ्याला हत्यारांबरोबर मी त्या मशीनचीही पूजा केली होती. नारळ फोडला, मशीन उघडून एकेक भाग दाखवला, पात कापली आणि सगळं यूट्यूबवर टाकलं. सत्यजीतचा अर्ज त्यानंतर तीन महिन्यांनी. तो व्हिडिओ मी हरकतीला जोडला.

अर्ज फेटाळला गेला. त्या दिवशी मी दोन वाट्या बासुंदी खाल्ली.

पुढं कंपनीनं तेच मशीन परस्पर बाजारात आणलं. कुणाला विचारायचं कारणच उरलं नव्हतं. माझ्याकडून अवजारं घेणारी गिऱ्हाइकंही तिकडं वळली.

सत्यजीत आला. मी भांडणाच्या तयारीत. त्यानं कराराचा कच्चा कागद पुढं ठेवला.

"दादा, म्या कंपनीला एकच अट घातली व्हती. मशीनचं पातं आन् रोलर तुमच्याच वर्कशॉपमधनं घ्यायचं. अर्ज उभा व्हता तवर ऐकत व्हते. आता कशाला ऐकत्यात?"

कागदावर माझं नाव होतं. यवत, तालुका दौंड, सगळं.

"मंग शिव्या दे की मला."

"शिव्या देऊन काय व्हतंय? कांदा लावायचं मशीन डोक्यात हाय. बनवू या का?"

लाज वाटायची सोडून मला तेव्हाही त्याचा हेवाच वाटला. ह्याच्या डोक्यात अजून काहीतरी आहे!