सोबतीणीचा बाक

मी एक बाक आहे. बुटका, बाभळीचा, पाठ नसलेला. दोन बायका खेटून बसतील एवढाच. नगरकडच्या कर्जतच्या बाजूला एक लहानसा दवाखाना आहे, तिथल्या बाळंतपणाच्या खोलीत माझं सगळं आयुष्य जायचं होतं. ते अर्धंच गेलं. मी सावकाश बोलतो, जरा ऐका.

मला गनीभाई सुतारानं घडवलं. त्याची बायको चांदबी पहिलटकरीण म्हणून इथं आली, तेव्हा तिची आई दिवसभर खाटेशेजारी उभी राहून तिची पाठ चोळत होती. बसायला काहीच नव्हतं. मुलगी झाली. लोक पेढे वाटतात. गनीभाईनं घरी पडलेलं जुन्या बैलगाडीचं लाकूड काढलं, मला केलं आणि खांद्यावर घालून इथं आणलं.

"सिस्टर, ह्यो बाक ठिवा आत. आमच्या सासूबाईचं पाय पार सुजून गेलं."

त्या मुलीचं नाव अल्मास ठेवलं.

पुढं माझ्यावर आया बसल्या, सासवा बसल्या, कधी नुसती शेजारीण. कळा येणारी बाई खोलीत फेऱ्या मारायची, दमली की माझ्या कडेला धरून वाकायची. कुणी चहाचा घोट द्यायचं, कुणी "झालं बाय, झालं" म्हणत राहायचं. बाई भ्याली की तिचं अंग आखडतं आणि ओळखीचा हात पाठीवर आला की सैल पडतं, एवढं लाकूड असूनही मला कळायला लागलं. सगळ्याच अशा सुटायच्या नाहीत. मनकर्णाचं बाळ आडवं होतं. डॉक्टरीणबाईंची सुरी नसती तर ती आणि तिचा मुलगा, दोघंही गेले असते. सुरीला मी कधी वाईट म्हणणार नाही.

मग खोलीत गुळगुळीत फरशी आली आणि बाळाचे ठोके मोजायचं मशीन आलं. मशीनही चांगलंच. पण त्याला जागा हवी होती, ती माझी होती. मला व्हरांड्यात काढलं, अंगावर पाण्याचा जार ठेवला. आत बाईच्या पोटाला पट्टा बांधला की तिला हलता येईना. सोबतीच्या बायकांनाही बाहेर थांबायला सांगू लागले.

अशा दिवसांत अल्मास आली. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी आलेली. जाराशेजारी उरलेल्या जागेवर चांदबी बसली, गनीभाई खांबाला टेकून उभा राहिला. नवरा आकिब सुप्याच्या कंपनीतून दोन दिवसांची रजा काढून आला होता. तो बसलाच नाही.

आतून अल्मासची हाक यायची, "अम्मी! अम्मी, ये ना!"

"सिस्टर, मला आत सोडा की," चांदबी म्हणाली. "नुसता पाठीवर हात ठिवते. गप हुईल ती."

"मावशी, आत उभं राहायला जागा नाही. मी काय करू?" सविता सिस्टर म्हणाली. तिलाही ते बरं वाटत नव्हतं.

आकिबनं कानांवर हात ठेवले. "अब्बा, मला ऐकवत न्हाई. सीझर करा म्हनावं. उद्या सकाळची शिफ्ट हाय माझी, आजच उरकू."

"तुझ्या शिफ्टचा भोंगा पोटातल्याला ऐकू जात न्हाई रे बाबा," गनीभाई म्हणाला. "हुईल. दम धर."

"तुमाला काय, तुमी लाकडाचं!"

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. म्हणाल्या, बाळाचे ठोके चांगले आहेत, वेळ लागेल, थांबू या. पुन्हा आल्या तेव्हाही तेच म्हणाल्या. आकिब तिसऱ्यांदा रडत पाया पडायला वाकला, तेव्हा मात्र थांबू या म्हणाल्या नाहीत, सीझरची तयारी करायला सांगितली. तो वाईट माणूस नव्हता. बायकोवर जीव होता त्याचा. पण अल्मास माणूस मागत होती, आणि सगळ्यांना फक्त तिच्या कळा ऐकू आल्या.

मारिया झाली. गोरी, गुबगुबीत. पेढ्यांचं खोकं माझ्यावरच ठेवलं होतं.

मारिया शाळेत जायला लागली आणि अल्मासला पुन्हा दिवस राहिले. सातव्या महिन्यात अंगावरून रक्त जायला लागलं, तसं तिला इथून नगरला हलवलं. महिनाभरानं चांदबी सविता सिस्टरला भेटायला आली, माझ्यावर बसली.

"असं कसं झालं, सिस्टर?"

"पहिल्या वेळी कापलं होतं ना, त्याच जागी या वेळी वार रुजली. सुटेना. फार थोड्या जणींना होतं, मावशी. पण होतं."

अल्मासची पिशवी काढावी लागली. मुलगा झाला होता. काचेच्या पेटीत ठेवला, पण राहिला नाही. चांदबी बोलता बोलता माझी कडा चाचपत होती. आजवरच्या आयांचे हात घासून घासून तिथं लाकूड गुळगुळीत झालं आहे.

आज सकाळी अल्मास आली. स्वतःसाठी नाही, शेजारच्या पूजाला कळा लागल्या होत्या. पूजाची सासू आक्काबाई व्हरांड्यात घाई करत होती, "कापून घ्या बाई एकदाचं, समद्यांचीच सुटका."

अल्मासनं जार उचलून खाली ठेवला, माझं एक टोक धरलं आणि पोटाला हात लावून क्षणभर थांबली.

"सिस्टर, मशीन जरा भिताडाला सरकवा."

सविता सिस्टरनं तिच्याकडं पाहिलं. मग माझं दुसरं टोक धरलं.

आता मी आत आहे. माझा एक पाय डुगडुगतो, त्याखाली कापडाची घडी घातली आहे. अल्मासचा एक हात पूजाच्या पाठीवर आहे, दुसऱ्यानं तिनं माझी कडा घट्ट धरली आहे. पूजा सुटेल की तिलाही सुरी लागेल, मला माहीत नाही. लागली तर लागू दे, पण गरजेपोटी लागू दे. एकटीच्या भीतीपोटी नको.

"तू का रडतीस गं?" पूजानं विचारलं.

"मी न्हाई रडत. तू दम घे. मी हाय हितंच."

दारं रुंद करा म्हणत नाही, मशीन काढा म्हणत नाही. मला फार जागा लागत नाही. उद्या फरशी पुसताना मला पुन्हा बाहेर ठेवाल, तर पुसून झाल्यावर तेवढं आठवणीनं आत घ्या.