रेशमी धाग्यावरची पट्टी

तर भाचीचं डोकं पार भंजाळलेलं. मामांनी उभी हयात ज्या यंत्रावर पृथ्वीचं चुंबकत्व मोजलं, ते यंत्र, म्हणजे लाकडी पेटीत रेशमी धाग्याला टांगलेली चुंबकाची पट्टी, आज चक्क थापा मारत होतं. आणि ते उचलून न्यायला बाहेर ट्रक उभा. आकडा नव्या इलेक्ट्रॉनिक यंत्राशी जुळला तर जुनं कामावर राहणार, नाहीतर अडगळीत. मामांची नजर अधू, म्हणून वाचायचं तिनं.

"परत बघ," मामा म्हणाले.

"कितीदा बघू मामा? मी वाकले की पट्टी सरकते, मागे झाले की जागेवर. मी काय भूत आहे?"

"ते तुझ्या आईला विचार. अंगावर लोखंड काय आहे?"

काहीच नव्हतं हो. किल्ल्या बाहेर, केसांतल्या पिना बाहेर, बूट बाहेर. खोलीचे खिळेसुद्धा तांब्याचे. वर तो लाकडी बटणांचा खास कोट, आत येणाऱ्यानं घालायचाच. तरी तिनं चष्म्याची काडी चावून पाहिली, प्लास्टिकचीच आहे ना म्हणून. म्हणजे बघा काय अवस्था.

शेवटी घामाघूम होऊन तिनं कोट काढला आणि वाकली. पट्टी ढिम्म. आकडा तंतोतंत जुळला. कोट घातला, पट्टी पळाली. काढला, परत आली.

"मामा, कोटच."

"वेडी का खुळी? कोटात कसलं लोखंड?" म्हणत मामांनी कॉलर चाचपली आणि हात झटकला. बोटावर रक्ताचा थेंब. कॉलरच्या आत शिवणाची सुई, दोरा ओवलेला तसाच.

मामांनी सुई उपसून डोळ्यांजवळ धरली. "काल उसवली होती. मीच टाके घातले."

एवढ्यात वेधशाळेचे साहेब दारात.

"साहेब, कोट मी शिवला," भाची घाईघाईनं म्हणाली.

"गप. तुला सुईत दोरा तरी ओवता येतो का?" मामा पुढे झाले. "साहेब, यंत्र सरळ आहे. वाकडा मी झालोय."

साहेबांनी आकडा पाहिला, सुई पाहिली, मग मामांकडे पाहिलं. "यंत्र राहू दे. पण तुम्ही आता आत यायचं नाही."

ट्रक रिकामा गेला. मामा पायरीवर बसून बूट चढवत होते, उजवा कुठला नि डावा कुठला तेच त्यांना उमगेना.

"जा आत," ते म्हणाले, "दुपारचा आकडा राहिलाय."

ती गेली. पट्टी शांत लटकत होती. त्या पट्टीची पाठ थोपटावी की पेटीला एक ठेवून द्यावी, तिला काही कळेना.